पायाचा आरसा

सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं बुरशीनाशक मी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चोळलं. खोबरेल तेलात कालवून, सलग तीन दिवस. त्यात मी कोण, तर कृषी खात्यातला निवृत्त कृषी सहायक. वलगाव, दर्यापूर, तिवसा या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना नोकरीभर मी एकच गोष्ट घसा सुकेपर्यंत सांगत आलो, की बाबांनो, बियाण्याला औषध चोळताना हातमोजे घाला, हे विष आहे, कातडीला लागू देऊ नका. आणि नोकरी संपल्यावर तेच विष मी स्वतःच्या पायाला लावलं, वर चिंधी बांधली आणि आपण फार हुशारी केली म्हणून चहा प्यायलो. डॉक्टर सोडले तर ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. मला, माझ्या बायकोला आणि माझ्या मित्राला, प्रल्हादला. प्रल्हादला ठाऊक होती म्हणजे अर्ध्या अकोल्याला ठाऊक होती, ते सोडा. आता सांगणारा तोच राहिला नाही, तेव्हा उरलेल्या अर्ध्यांना मीच सांगतो.

पाच आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, मी अमरावतीच्या घरी पलंगाच्या काठावर बसून पायाच्या बोटांच्या बेचक्या पुसत होतो. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं, घासायचं नाही, नुसतं टिपायचं, जसं प्रल्हादनं शिकवलं होतं तसं. फोन वाजला. पडद्यावर त्याचंच नाव. माझ्या पायाचा रोजचा फोटो त्या दिवशी पंधरावीस मिनिटं लांबला होता, त्यामुळे हा आता शिव्या घालणार हे धरून मी फोन उचलल्याबरोबर म्हणालो, "अबे दम धर ना, पाठवून राह्यलो फोटू!" मग त्याच्या मुलाचा, सुमितचा आवाज आला. "काका... बाबा गेले."

फिरायला निघताना खुर्चीत बसून मोजे घालत होता म्हणे. त्याची बायको, शीलावहिनी, चहाचा कप घेऊन आल्या तेव्हा एक मोजा पायात होता आणि एक हातात. एवढ्याच वेळात सगळं झालं. मी ते ऐकलं, "निघतो" म्हणालो, फोन ठेवला आणि पुढचा क्षण जो आला तो लिहायची मला लाज वाटते. पण लिहितो, कारण खोटं लिहिलं तर प्रल्हाद जिथे असेल तिथून शिवी हासडेल. माझ्या मनात पहिला विचार त्याचा आला नाही. वहिनींचा नाही, सुमितचा नाही. पहिला विचार आला, की आता माझा पाय कोण पाहील? पन्नास वर्षांहून जुना मित्र गेला आणि मी माझ्या अंगठ्याकडे पाहत बसलो होतो. भीती माणसाला किती लहान करते, ते मला त्या पलंगावर कळलं.

प्रल्हाद ड्रेसर होता. कपड्यांचा नव्हे, जखमांचा. सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या माणसाला ड्रेसर म्हणतात, आणि अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात त्यानं हयात त्याच कामात घालवली. आम्ही दोघं वलगावचे, एका वर्गातले. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या अंगाला, विहाराकडे. त्याच्या आजोबांनी छप्पन सालीच धम्म स्वीकारला होता, आणि त्या घरात मीठ-भाकरीची चणचण असली तरी पोरांच्या शाळेची आबाळ कधी झाली नाही. सकाळी तो मला शाळेत न्यायला यायचा तेव्हा आमच्या घरासमोर रस्त्यात उभा राहून हाक मारायचा. "शरद्याऽऽ!" ओसरीवर कधी चढला नाही. तो बाहेर का उभा राहतो हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला वाटायचं, त्याचा आवाज मोठा आहे, त्याला आत यायची गरज काय!

आमचे बाबा शेतकरी. काळ्या मातीत उभा जन्म गेला, पायात वहाण कमी आणि चिखल जास्त. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं शिंगासारखी झालेली. पिवळट, जाड, थरावर थर चढलेली, कडेनं भुसभुशीत. आम्हा पोरांना त्यात वावगं काही वाटायचं नाही. शेतकऱ्याचं नख असंच असतं, अशीच आमची समजूत. बाबांना साखर होती हे कोणाला माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. एका पावसाळ्यात नख फारच टोचायला लागलं म्हणून त्यांनी दाढीच्या पात्यानं ते छाटलं, आणि छाटता छाटता बोटही छाटलं गेलं. दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून कोणाला सांगितलं नाही. चिंधी बांधली आणि वावरात गेले. आठ-दहा दिवसांनी आईला वास आला. मी नोकरीत नवा होतो, धावत आलो. अमरावती जवळ असून आम्ही त्यांना अकोल्याला नेलं, कारण तिथे प्रल्हाद होता. आधी अंगठा गेला. मग अर्धं पाऊल. मग घोट्याच्या वरून पाय.

रोज सकाळी प्रल्हाद बाबांची पट्टी सोडायचा. मी दाराबाहेर उभा असायचो. आत जायची हिंमत एकदाही झाली नाही. मुलगा दाराबाहेर आणि मित्र आत, बाबांचा उरलेला पाय मांडीवर घेऊन. बाबा एकदा त्याला म्हणाले ते मला बाहेर ऐकू आलं, "पल्हाद, अंगठ्याले खाज सुटली रे." नसलेल्या अंगठ्याला. प्रल्हाद म्हणाला, "सुटू द्या काका, मी खाजवून देतो." आणि काय केलं देव जाणे, पण बाबा म्हणाले, "हं... आता बरं वाटलं." त्या दिवसापासून पायाच्या नखाची मला भीती बसली. साप, वीज, वरिष्ठ अधिकारी, कशाचीच इतकी नाही.

आता इतका भ्यालेला माणूस स्वतःच्या पायाला जपेल, असं कोणालाही वाटेल. माझं उलटं झालं. मी पायाकडे पाहणंच सोडून दिलं. पावसाळाभर गमबूट घालून बांधाबांधानं फिरायचो, संध्याकाळी बूट काढला की मोज्यातून पाणी गळायचं, तेच मोजे खिडकीत टाकून दुसऱ्या दिवशी दमट दमट पुन्हा चढवायचो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, खाजवून खाजवून रक्त यायचं, आणि उन्हाळ्यात आपोआप बरं वाटलं की मी विसरून जायचो. पन्नाशीत साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, त्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. निवृत्तीनंतर एका सकाळी उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्यात पिवळा डाग दिसला. मी लगेच पाय धोतराखाली घेतला. जणू त्यानं मला पाहिलं असतं!

तो डाग वर्षभर वाढत गेला आणि मी तो लपवत गेलो. लग्नात मोजे, घरात मोजे, वैशाखात मोजे. नात म्हणाली, "आबा, तुम्हाला थंडी वाजते का?" मी "हो" म्हणालो. बाहेर डांबर वितळत होतं. सगळ्यात जास्त मी प्रल्हादला टाळलं. कारण त्याची एक खोड होती. कोणीही भेटो, पाहुणा असो की व्याही, हा "या, बसा" म्हणायच्या आधी म्हणायचा, "चप्पल काढा, पाय पाहू." माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचा. दर्यापूरच्या एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या मामाला पंगतीतून उठवून दवाखान्यात पाठवलं होतं, टाच भेगाळून त्यात खडा रुतला होता आणि मामाला पत्ता नव्हता. त्या लग्नात मी जेवण न करता निघून आलो. घरी सांगितलं, पोट बरं नाही. बायको म्हणाली, "अन् मोजे कायले घातले? पोटाले?"

आणि मग तो जून आला. वलगावला आमचं थोडं वावर आहे, धाकटा भाऊ रमेश वाहतो. पेरणीच्या तोंडावर त्यानं अंगणात ताडपत्री अंथरली, सोयाबीनचं बियाणं ओतलं आणि मला बोलावलं, कारण घरात साहेब असताना बीजप्रक्रिया दुसऱ्या कोणाच्या हातून कशी करायची! मी हातमोजे घालून ती गुलाबी भुकटी बियाण्याला चोळली. रमेशला ऐटीत सांगत होतो, दाण्याला बुरशी धरू नये म्हणून हे कवच असतं, जमिनीतली बुरशी जवळ येत नाही... बोलता बोलता माझंच भाषण मला पटलं. बुरशी ती बुरशी. दाण्यावरची जाते तर नखावरची का जाणार नाही? उरलेली पुडी मी खिशात घातली. हातमोजे घातलेल्या हातानं घातली, इतका मी काळजी घेणारा माणूस.

पहिल्या दिवशी लावलं, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी लावलं, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मला आनंद झाला, की बघा, आगसुद्धा होत नाही, म्हणजे मानवलं. काही जाणवत नाही याचाच अर्थ भयंकर आहे, हे बाबांचा पाय जाताना पाहिलेल्या माणसाला कळू नये? चौथ्या दिवशी नलिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, धुवायला मोजे उचलले. "अहो, हे मोजे गुलाबी कायचे झाले?" मी म्हणालो, "रंग लागला." "कुठचा रंग? होळी होऊन तीन महिने झाले." मी पाय मागे घेतला, तिनं ओढला. चिंधी सोडली. अंगठ्याची आणि शेजारच्या बोटाची कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सुटून आली होती, खाली लाल मांस दिसत होतं. मला तिथे काही म्हणजे काही दुखत नव्हतं. मला न विचारता नलिनीनं प्रल्हादला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "वैनी, त्याले बूट घालू देऊ नका. धुवा, स्वच्छ कापड गुंडाळा अन् आत्ता निघा. ते पुडी संगं आना."

अमरावती ते अकोला ही वाट मी शेकडो वेळा केली असेल. त्या दिवशी ती संपेना. मूर्तिजापूरच्या पुढे तर मला बाबांचाच वास यायला लागला. गाडीत कुणाचा तरी डबा उघडला होता, दुसरं काही नव्हतं, पण मी नलिनीला दोनदा विचारलं, "वास येतो का ग?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "गप बसा." मी मनात हिशेब करत होतो, अंगठा, मग पाऊल, मग घोटा...

प्रल्हादच्या व्हरांड्यात एक ठेंगणं स्टूल होतं आणि समोर एक खुर्ची. स्टूल त्याचं, खुर्ची पायवाल्याची. मी बसलो. मला वाटलं शिव्या सुरू होतील. एकही आली नाही, आणि तिथेच माझा धीर सुटला. त्यानं बॅटरी लावून पाय सगळ्या बाजूंनी पाहिला, पुडीवरचं नाव वाचलं, जखम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली. मग म्हणाला, "डोये मिट. मी पायाले कापूस लावतो. लावला की सांग."

मी डोळे मिटले. शाळेत तोंडी परीक्षेला बसावं तसा ताठ बसलो. काही कळेना. नापास व्हायचं नाही म्हणून अंदाजानं म्हणालो, "आता लावला. अंगठ्याले."

थोड्या वेळानं मी पुन्हा म्हणालो, "हा, आता टाचेले."

"डोये उघड," तो म्हणाला. मी उघडले. कापूस बाजूच्या ताटलीत पडला होता आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. "मी चार खेपा लावला, तवा तू बोलला नाई. अन् मी हात काढून घेतले, तवा तू बोलून राह्यला." मागे नलिनी भिंतीला टेकून खाली बसली. मी हसायचा प्रयत्न केला. आयुष्यात पुष्कळ परीक्षांना अंदाजानं उत्तरं दिली आणि पास झालो, ही एकच अशी निघाली.

त्याच दिवशी त्यानं मला साखरेच्या डॉक्टरकडे आणि एका तरुण त्वचारोग डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी विचारलं, "काका, लावलं काय होतं?" मी म्हणालो, "थोडंसं... घरगुती." प्रल्हाद म्हणाला, "घरगुती नाई मॅडम, बीजप्रक्रिया केली सायबानं. पेरनी बाकी आहे फक्त." बाई हसल्या नाहीत. पुडीचं नाव कागदावर उतरवून घेतलं, कातडी पाहिली, नखाचा तुकडा आणि खालचा भुगा तपासायला घेतला. म्हणाल्या, जाड झालेलं प्रत्येक नख बुरशीचंच असतं असं नाही, आधी खात्री करू. आणि नखाची घाई नाही, आधी ही जखम भरली पाहिजे, बोटाला संवेदना नाही आणि साखर आभाळाला टेकली आहे, जखम चिघळली तर... त्या तिथे थांबल्या. पुढचं मला पाठ होतं.

पंधरा दिवस मी प्रल्हादच्या घरी राहिलो. रोज सकाळी तो पट्टी सोडायचा आणि मी छताच्या पंख्याकडे पाहत बसायचो. पायाकडे बघायची छाती नव्हती, म्हणून मधूनच त्याच्या तोंडाकडे बघायचो. एरवी अखंड बडबडणारा हा माणूस पट्टी सोडताना मुका व्हायचा. सुटलेली पट्टी तो नाकाजवळ न्यायचा. वास घ्यायचा. पुन्हा घ्यायचा. तेवढ्या वेळात माझं काय होत असेल, ते मी सांगू शकत नाही. पाचव्या दिवशी त्यानं दोनऐवजी तीन वेळा वास घेतला, डॉक्टरांना फोन करायला आत गेला, औषध बदललं, आणि त्या दिवशी तो, वहिनी आणि मी, तिघांनीही जेवताना एकमेकांकडे पाहिलं नाही. नवव्या दिवशी त्यानं पट्टी हुंगली, बाजूला टाकली आणि आत तोंड करून ओरडला, "शीले, चहा ठेव!" मला रडू आलं. चहा या शब्दानं रडणारा मी एकटाच असेन.

त्या चहावर तो जे बोलला, ते मात्र त्यानं कधी कोणाला सांगितलं नसावं. मी विचारलं होतं, "पल्हाद, सारी दुनिया तोंड पाहते, तू पायच काहून पाहतो बे?" त्यानं कप हातात फिरवला. म्हणाला, "तुह्या बापाचा पाय मी आधी पाह्यला व्हता."

"आधी म्हंजे?"

"दवाखान्यात आन्याच्या दोन महिने आधी. गावाले आलो व्हतो. तुमच्या घरापुढून जात व्हतो. काका ओसरीत बसले व्हते, पाय लांबवून. मी नवानवा शिकलेलो, थे नख पाह्यलं अन् टाचेजवळची भेग पाह्यली. मनात आलं, वर जावं, पाय हातात घेऊन पाहावं, म्हनावं काका, लघवी-रक्त तपासून घ्या. पन तुमच्या ओसरीवर मी कधी चढलो नवतो. काकांच्या पायाले मी हात लावावा... कसं दिसन, कोन काय म्हनन. भेव वाटलं मले. राम राम केला अन् पुढं गेलो." मग कप खाली ठेवून म्हणाला, "मंग थोच पाय रोज मांडीवर घेतला. तवापासून मी कोनाले विचारत नाई. चप्पल काढा म्हनतो, बस."

तो रस्त्यात उभा राहून हाक का मारायचा, हे मला पन्नास वर्षांनी, त्याच्या व्हरांड्यात, त्याच्या मांडीवर पाय ठेवून बसलो असताना समजलं. "ये ना रे वर" हे तीन-चार शब्द माझ्याकडे होते. मी ते कधी उच्चारले नाहीत, आणि त्याची किंमत बाबांच्या पायानं दिली की काय, हा विचार आजही मला झोपू देत नाही. प्रल्हादला मी तसं म्हणालो तर तो म्हणाला, "पोरं व्हतो बे आपन. पाय हालवू नको."

तपासणीत बुरशीच निघाली. जखम भरल्यावर, रक्तातून लिव्हर तपासून, डॉक्टरबाईंनी तीन महिने गोळ्या दिल्या, वरून लावायचं औषध दिलं, आणि बजावलं की नख एकदम सुधारत नाही, जुनं पुढे सरकत जाऊन नवं येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष धरायचं. प्रल्हादनं त्याला आपले नियम जोडले. माझे सगळे जुने मोजे आणि एक बूट-जोड त्यानं माझ्यादेखत कचऱ्यात टाकला. पाय धुतले की बेचक्या टिपायच्या. मोजे सुती आणि रोज ताजे. बूट एक दिवसाआड उन्हात. नेलकटर माझं वेगळं, घरातल्या कोणी हात लावायचा नाही, आणि नख सरळ कापायचं, कोपऱ्यात खुपसायचं नाही. ओल्या न्हाणीत अनवाणी नाही. आणि पिशवीत त्यानं एक आरसा घातला. न्हाव्याकडे असतो तसा, गोल, हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीचा. "हा जमिनीवर ठेवाचा, वरून पाय धराचा, तयवा अन् बोटाच्या खालून पाहाचं. मोबाईलनं फोटू काढाचा अन् मले पाठवाचा. रोज. अन् एक आईक, हा आरसा पायाचा हाये. यात तोंड पाहाचं नाई." हे शेवटचं वाक्य त्यानं माझ्या मिशीकडे पाहून म्हटलं. मिशी काळी करायची मला खोड आहे, आणि तिच्यावर तो शाळेपासून, म्हणजे ती नव्हती तेव्हापासून, टपलेला.

तेव्हापासून रोज सकाळी लोक एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात, तसा मी अकोल्याला माझा तळपाय पाठवत असे. त्याचं उत्तर एकाच शब्दाचं, "बरं." तो शब्द येईपर्यंत मी नाश्त्याला बसायचो नाही. एकदा घाईत तो फोटो नात्यातल्या ग्रुपवर गेला, जिथे नुकताच भाचीच्या साखरपुड्याचा फोटो आला होता. माझ्या तळव्याखाली अकरा जणांनी "अभिनंदन" लिहिलं. एखाद्या दिवशी प्रल्हादचं "बरं" दुपारपर्यंत आलं नाही की मी पुन्हा पुन्हा फोन उघडून बघायचो. मग उत्तर यायचं, "सुमितच्या पोरीले शायेत सोडाले गेल्तो. मेला नाई तू." हळूहळू नखाच्या मुळाशी गुलाबी चंद्रकोर उगवली, सरकत सरकत पुढे आली. शेवटचा पिवळा कोपरा कापला त्या दिवशी मी तो फोटो पाठवला. उत्तर आलं, "बरं. भेव सोडू नको."

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी मी पुन्हा अकोल्याला गेलो. विहारात वंदना झाली, लोक बोलले. कितीतरी माणसं अशी भेटली, ज्यांचा पाय त्यानं वाचवला होता. घरी आल्यावर सुमितनं त्याचा फोन माझ्या हातात दिला. नातवंडांचे थोडे फोटो, वहिनींचे दोन, आणि खाली बोट सरकवत न्यावं तितका माझाच पाय, माझाच पाय, माझाच पाय. "काका, हे काढून टाकू का?" त्यानं विचारलं. आतून शीलावहिनी म्हणाल्या, "राहू दे. फोन माह्यापाशी राहीन. चार्ज करून ठेव." व्हरांड्यातलं स्टूल कोणी आत नेऊन ठेवलं होतं. खुर्ची तिथेच होती. मी तिच्यात बसलो नाही.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा पुरवणीच्या संपादकांनी सोबत माझा एक फोटो मागितला. तो काल काढला. आज सकाळी नलिनी तिवशाला मुलीकडे गेलेली. मी एकटाच. पाय धुतले, टिपले, आरसा जमिनीवर ठेवला, वरून पाय धरला... आणि करंगळीच्या खाली, तळव्याच्या कडेला, काळा ठिपका. मुगाच्या दाण्याएवढा. वाकून पाहावं तर कंबर वाकत नाही. बोट फिरवलं तर काही लागत नाही, आणि तिथे काही लागणारच नाही हे तर मला ठाऊकच. अंगठा, मग पाऊल, मग घोटा... जुन्या सवयीनं फोटो काढला, जुन्या सवयीनं पाठवला. पाठवल्यावर ध्यानात आलं, कुठे पाठवला. आणि तरीही, खरं सांगतो, मी "बरं"ची वाट पाहत बसलो.

दहा मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर प्रल्हादचं नाव. दोन वेळा वाजू दिला, मग उचलला.

"भाऊजी," शीलावहिनी म्हणाल्या, "पाय तसाच ठेवा, आरसा जरा सरकवा. डाग पायासंगं राह्यते का आरशासंगं जाते?"

मी आरसा सरकवला. डाग आरशाबरोबर गेला.

"वहिनी... आरशासंगं गेला."

"मिशी रंगवली का काल?"

"...हो. फोटोसाठी."

"मंग पुसा थो आरसा. त्यायनं सांगतलं नवतं काय तुमाले, पाय पाहाले देल्ला म्हनून? तुमचं तोंड पाहन्यासारखं असतं, तर त्यायनं इतके वर्ष तुमचे पाय पाह्यले असते काय?"